इंग्लंडमधील पात्र शिक्षक दर्जा

पात्र शिक्षक दर्जा (क्वालिफाइड टीचर स्टेटस, संक्षेप : क्यूटीएस) ही इंग्लंडमध्ये शालेय शिक्षकाला मिळणारी व्यावसायिक मान्यता आहे. स्थानिक प्रशासनाच्या अखत्यारीतील अनुदानित शाळांत व विशेष शाळांत पूर्ण वेतनश्रेणीवर शिक्षक म्हणून नेमणूक होण्यासाठी हा दर्जा सामान्यतः आवश्यक असतो. अकादमी या प्रकारच्या शाळांना २०१२ मध्ये या अटीतून सवलत देण्यात आली. तथापि अशा अनेक शाळाही उमेदवाराकडून या दर्जाची अपेक्षा करतात. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या काही विषयांच्या शिक्षकांना या दर्जासाठी थेट अर्ज करण्याची सोय उपलब्ध झाली.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये शिक्षकांची व्यावसायिक परिषद २००० मध्ये कार्यान्वित झाली व २०१२ मध्ये ती बरखास्त करण्यात आली. दर्जा देण्याचे व शिक्षकांच्या गंभीर गैरवर्तनाची चौकशी करण्याचे काम २०१८ पासून शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील 'टीचिंग रेग्युलेशन एजन्सी' ही संस्था पाहते.

परदेशात प्रशिक्षित झालेल्या शिक्षकांना थेट मान्यता देण्याची सोय पूर्वी युरोपीय देश, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा व अमेरिका अशा मोजक्या देशांपुरती होती. गणित, भौतिकशास्त्र व परभाषा या विषयांच्या शिक्षकांची टंचाई वाढल्यावर २०२३ मध्ये भारत, घाना, हाँगकाँग, जमैका, नायजेरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, युक्रेन व झिंबाब्वे यांचा त्यात समावेश करण्यात आला.

भारतीय शिक्षकांसाठी पात्रता

थेट अर्जासाठी पुढील बाबी पाहिल्या जातात :

१. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी.
२. पदवीच्या दर्जाचे शिक्षक-प्रशिक्षण. भारतात बी.एड. ही पदवी यासाठी ग्राह्य धरली जाते. बारावीनंतरची डी.एड. ही पदविका पदवीच्या दर्जाची अट पुरी करीत नाही.
३. प्रशिक्षणानंतर किमान एका शैक्षणिक वर्षाचा अध्यापनाचा अनुभव.
४. ११ ते १६ या वयोगटाला गणित, विज्ञान किंवा आधुनिक परभाषा शिकविण्याची पात्रता. २०२३ मध्ये नव्याने समाविष्ट झालेल्या देशांसाठी ही विषयांची मर्यादा घालण्यात आली.
५. इंग्रजी भाषेचे पुरेसे ज्ञान. पदवीचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचे विद्यापीठाचे पत्र किंवा मान्य परीक्षेतील निकाल यासाठी लागतो. मराठी माध्यमातून पदवी घेतलेल्या शिक्षकाला बहुधा परीक्षेचाच मार्ग उरतो.
६. अध्यापनास मनाई नसल्याचा व कोणतीही शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नसल्याचा पुरावा.

शेवटच्या अटीमागील कल्पना समजून घेणे आवश्यक आहे. ज्या देशांत शिक्षकांची परवाना-नोंदणी असते तेथे नोंदणी करणारी संस्था असे पत्र देते. भारतात डॉक्टर किंवा वकील यांच्याप्रमाणे शिक्षकांची राष्ट्रीय नोंदणी नाही. शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) ही नेमणुकीसाठीची पात्रता ठरविते; ती व्यवसायाचा परवाना नव्हे. त्यामुळे नेमणुकीचे आदेश, अनुभवाचे दाखले, गुणपत्रिका यांसारखी मूळ कागदपत्रे शिक्षकाने वेळीच जपून ठेवणे महत्त्वाचे ठरते. विवाहानंतर नाव बदलले असल्यास सर्व कागदांवरील नावांचा मेळ दाखवावा लागतो.

या अर्जासाठी शासन शुल्क आकारीत नाही.

अन्य मार्ग

इतिहास, भूगोल किंवा प्राथमिक स्तरावरील शिक्षकांना वरील मार्ग खुला नसला तरी पुढील पर्याय आहेत :

चार वर्षांची मुभा : परदेशात शिक्षक म्हणून पात्र ठरलेल्या व्यक्तीला हा दर्जा नसतानाही इंग्लंडमधील अनुदानित शाळेत चार वर्षांपर्यंत शिकविता येते. या काळात तिला अपात्र शिक्षकांच्या, म्हणजे कमी वेतनाच्या श्रेणीत ठेवले जाऊ शकते. मुदत संपण्यापूर्वी दर्जा मिळविणे आवश्यक असते.

केवळ मूल्यमापन : किमान दोन शाळांचा अनुभव असलेल्या पदवीधर शिक्षकाचे मान्यताप्राप्त संस्थेकडून वर्गात प्रत्यक्ष मूल्यमापन केले जाते. ते बारा आठवड्यांच्या आत पूर्ण होते.

आंतरराष्ट्रीय पात्र शिक्षक दर्जा : इंग्लंडमधील मान्यताप्राप्त संस्थांचे हे प्रशिक्षण स्वदेशी राहून घेता येते. त्याची प्रायोगिक सुरुवात २०२२ मध्ये झाली.

दर्जा आणि व्हिसा

पात्र शिक्षक दर्जा मिळणे म्हणजे इंग्लंडमध्ये काम करण्याची परवानगी मिळणे नव्हे. या दोन गोष्टींतील गल्लत अनेक उमेदवारांना महागात पडते. कामाच्या परवानगीसाठी सामान्यतः 'स्किल्ड वर्कर' व्हिसा लागतो, आणि त्यासाठी गृहखात्याचा प्रायोजक-परवाना असलेल्या शाळेने नोकरी देऊन प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. दर्जा मिळूनही असा प्रायोजक न मिळाल्यास स्थलांतर होऊ शकत नाही.

व्हिसाच्या शुल्काखेरीज आरोग्य अधिभारही आगाऊ भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रत्येक प्रौढ व्यक्तीमागे दरसाल १,०३५ पौंड झाला. व्हिसाच्या सर्व वर्षांची रक्कम एकदम भरावयाची असल्याने कुटुंबासह जाणाऱ्यांवर तिचा मोठा भार पडतो. याशिवाय मुलांच्या सुरक्षिततेसाठी गुन्हेगारी पार्श्वभूमीची पडताळणी होते. तीत स्वदेशातील पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्रही मागितले जाते.

नव्याने पात्र ठरलेल्या शिक्षकाला सप्टेंबर २०२१ पासून दोन वर्षांचा उमेदवारीचा काळ पूर्ण करावा लागतो. पुरेसा अनुभव असलेल्या परदेशी शिक्षकांना यातून सूट मिळू शकते.

दर्जाची व्याप्ती

हा दर्जा इंग्लंडपुरता आहे. स्कॉटलंडमध्ये शिकविण्यासाठी तेथील शिक्षक परिषदेकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. वेल्स व उत्तर आयर्लंड यांच्याही नोंदणी-संस्था वेगळ्या आहेत.

भरतीतील गैरप्रकार आणि संरक्षण

ब्रिटनमधील १९७३ च्या रोजगार संस्था कायद्यानुसार नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. नेमणुकीचे शुल्क संस्थेने शाळेकडून घ्यावयाचे असते. म्हणून 'जागा राखून ठेवण्यासाठी' पैसे मागणे हे धोक्याचे लक्षण समजले जाते.

अशा फसवणुकीचे गांभीर्य अमेरिकेतील एका खटल्यातून दिसून आले. लुइझियाना राज्यात नेलेल्या साडेतीनशेहून अधिक फिलिपिनो शिक्षकांकडून भरती संस्थेने मोठ्या रकमा वसूल केल्या होत्या. २०१२ मध्ये ज्यूरीने त्या शिक्षकांना सुमारे ४५ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला.

शिक्षक गमावणाऱ्या देशांचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. जमैका व इतर कॅरिबियन देशांतून मोठ्या प्रमाणावर शिक्षक नेले गेल्यामुळे तेथील शाळांत निर्माण झालेल्या अडचणींची चर्चा २००२ मध्ये बार्बाडोस येथे झाली. त्यातूनच १ सप्टेंबर २००४ रोजी राष्ट्रकुल देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी इंग्लंडमधील स्टोक रॉचफर्ड येथे 'राष्ट्रकुल शिक्षक भरती आचारसंहिता' स्वीकारली. शिक्षकाचा स्थलांतराचा हक्क मान्य करतानाच, भरती सुसंघटित व पारदर्शक असावी, स्वदेशातील शाळांचे वर्ष मध्येच मोडू नये आणि परदेशी शिक्षकाला स्थानिक शिक्षकांच्या बरोबरीच्या सेवाशर्ती मिळाव्यात, ही तिची मुख्य तत्त्वे आहेत. आचारसंहिता कायद्याने बंधनकारक नाही. तिचे पालन संबंधित देशांच्या इच्छाशक्तीवर अवलंबून आहे.