रंगाआधीचे काम : एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, गंज आणि खारपाणपट्टा

मोटारीच्या इंजिनातून जळका वायू ज्या पहिल्या नळ्यांतून बाहेर पडतो, त्या नळ्यांच्या जुडग्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा हेडर म्हणतात. तो ओतीव बिडाचा असेल तर गॅरेजमध्ये त्याला नुसते मॅनिफोल्ड म्हटले जाते आणि पोलादी नळ्या वाकवून जोडलेला असेल तर बेंड पाइप. वाहनाच्या सर्वाधिक ताप सोसणाऱ्या भागांपैकी हा एक आहे. पेट्रोल इंजिनावर जोराचा भार असताना त्यातील वायूचे तापमान 800 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते आणि इंजिन बंद झाल्यावर मॅनिफोल्डचा धातू काही वेळात हवेच्या तापमानावर येतो. अशा जुन्या, गंजलेल्या मॅनिफोल्डला घासून पुन्हा रंग देणे हे काम वरवर किरकोळ दिसत असले, तरी त्यात रसायनशास्त्र, धातुशास्त्र आणि हातातले कसब यांचा कस लागतो, आणि ते टिकेल की नाही याचा निकाल रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच बहुतांशी लागलेला असतो.

अकोल्याच्या जठारपेठेतील एखादे वाहन गावातल्या गावात फिरते की अकोट, तेल्हारा, दर्यापूर या बाजूला वरचेवर जाते, यावर त्याचा मॅनिफोल्ड कोठून गंजेल हे बरेचसे अवलंबून असते. एक लिटर पेट्रोल जळाले की त्यातील हायड्रोजनपासून साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात ही वाफ निघून जाते. पण दवाखाना, शाळा, बाजार अशा दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत एक्झॉस्टची सगळी वाट पुरती तापतच नाही, वाफेचे पाणी आतच साचते आणि ज्वलनातील आम्ल अंश घेऊन धातू आतून खाऊ लागते. बाहेरच्या गंजाचे कारण वेगळे आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा सुमारे 4.7 लाख हेक्टरांचा असून तेथील भूजल क्षारयुक्त आहे. अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा धरणाचे गोडे पाणी मिळते; पट्ट्यातील बोअरच्या पाण्याने धुतलेल्या वाहनावर मात्र पाणी उडून गेल्यावर क्लोराइडचे कण मागे राहतात. हे कण हवेतील ओलावा ओढून घेतात आणि लोखंडावर तयार झालेला थर भेदून गंजाला पुढे वाट करून देतात. वऱ्हाडचा उन्हाळा पारा 45 अंशांपलीकडे नेणारा असला, तरी कोरड्या हवेत लोखंड फारसे गंजत नाही. खरे नुकसान पहिल्या पावसाबरोबर सुरू होते आणि त्याची तयारी उन्हाळ्यात बसलेल्या क्षाराने आधीच केलेली असते.

दुरुस्तीचा सर्वांत नाजूक क्षण मॅनिफोल्ड उतरवण्याचा असतो. तो इंजिनाच्या हेडला ज्या आटेदार दांड्यांवर बसतो त्यांना स्टड म्हणतात. वर्षानुवर्षे तापून आणि गंजून नट त्यांच्याशी एकजीव झालेले असतात. पान्यावर नुसता जोर दिला तर स्टड मुळाशी तुटतो आणि दोन तासांचे काम दोन दिवसांवर जाते. म्हणून जाणता मिस्त्री आदल्या संध्याकाळी आट्यांत गंज सोडवणारे तेल मुरवतो, ते पुसून टाकल्यावर गॅसच्या ज्योतीने फक्त नट तापवतो आणि नट प्रसरण पावून सैल झाला की तो अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा हळूहळू काढतो. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये, म्हणजे दोन पृष्ठभागांमधल्या वायुरोधक थरात, अॅसबेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते कोरडे खरवडू नये, ओले करून काढावे आणि त्याची धूळ फुंकरीने उडवू नये.

उतरवलेला भाग आधी तपासला जातो, कारण गंज ज्या लोखंडातून जन्मतो त्यापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे भयंकर दिसणारी नळी शाबूत असू शकते आणि बऱ्या दिसणाऱ्या नळीची भिंत कागदासारखी झालेली असू शकते. छोट्या हातोडीने हलके ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर धातू शिल्लक आहे, बद्द आवाज आला तर संशय घ्यावा. पेचकसाचे टोक दाबल्यावर जिथे आत जाते, तिथे रंगाचा उपयोग नाही. वेल्डिंगचा टाका मारावा किंवा भाग भंगारात द्यावा. पोलादी नळ्यांची जाडी मुळातच सुमारे दीड मिलिमीटर असते, त्यामुळे येथे दयामाया दाखवणे परवडत नाही.

घासण्याचे काम तारेच्या ब्रशने सुरू होते आणि ग्राइंडरला लावलेल्या कप ब्रशने पुढे जाते, परंतु चार नळ्या एकत्र येतात त्या खोबणीत कप ब्रश पोहोचत नाही. तेथे पॉलिश पेपरची लांब पट्टी नळीमागून घालून, ताक घुसळताना रवीची दोरी ओढावी तशी, दोन्ही हातांनी आलटून पालटून ओढावी लागते. याच खोबणीत पुढे रंग सर्वप्रथम सुटतो, म्हणून कारागिराची पारख येथे करावी. वाळूचा मारा करून गंज काढण्याची पद्धत झटपट असली, तरी साध्या नदीच्या वाळूतील सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसांचा सिलिकोसिस हा असाध्य आजार होतो. गार्नेट किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी महाग पडते, पण तीच वापरणे योग्य आहे.

आम्लाचा मार्गही रूढ आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल गंज वेगाने विरघळवते, मात्र मागे क्लोराइड सोडते, म्हणजे जो शत्रू घालवायचा त्यालाच पुन्हा घरात घेतले जाते. फॉस्फोरिक आम्ल हळू चालते, पण लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर बसवते. या तत्त्वावरची प्रक्रिया थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी 1906 मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट केली. कोणतेही आम्ल वापरले तरी शेवटचे धुणे गोड्या पाण्याने, शक्य तर डिस्टिल्ड पाण्याने व्हावे, हा नियम खारपाणपट्ट्यात प्राणापलीकडे जपावा असा आहे. रंगाखाली अडकलेला क्षार पाणी खेचून फोड आणतो आणि मग दोष उगाच रंगाच्या कंपनीला दिला जातो. धुतल्यावर भाग लगेच तापवून कोरडा करावा, कारण उघडे पोलाद दमट दिवसांत तासाभरातही तांबूस होते.

रंगाच्या निवडीत सर्वांत रूढ चूक म्हणजे रेडऑक्साइडचा हात देऊन त्यावर साधा चंदेरी रंग मारणे. त्यातील तेलयुक्त बांधक द्रव्य दोन-तीनशे अंशांच्या घरात जळून जाते, आणि रंगाचे पापुद्रे पहिल्याच मोठ्या प्रवासात सुटतात. टॅनिनयुक्त गंजरोधकाचा काळा थरही सेंद्रिय असल्याने येथे तग धरत नाही. या जागी सिलिकोन रेझिनचा रंग लागतो, ज्याच्या साखळीचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा असतो. अमेरिकेत 1930 च्या दशकात या रेझिनवर संशोधन झाले आणि 1943 मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी त्यासाठी स्थापन झाली. अॅल्युमिनियमची भुकटी मिसळलेला असा रंग साधारण 600 अंशांपर्यंत टिकतो. तो दोन पातळ हातांनी, थेट लोखंडावर, सावलीत आणि सकाळच्या वेळी द्यावा. वऱ्हाडातील भर दुपारच्या उन्हात तापलेल्या नळीवर फवारा पडण्यापूर्वीच कोरडा होतो आणि धुळीसारखा बसतो. जाड हात दिल्यास आत अडकलेला थिनर उष्णतेत उसळून फोड येतात.

हा रंग हवेत वाळला तरी पक्का होत नाही. नखाने खरवडला तर निघतो. त्याची साखळी जोडली जाण्यासाठी सुमारे 200 अंशांची उष्णता तासभर मिळावी लागते. भट्टी नसेल तर भाग बसवून इंजिन दहा मिनिटे मंद चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, मग वीस मिनिटे, मग थोडा भार देऊन चालवावे, असे टप्पे पाळले जातात. पहिल्या तापाला उग्र धूर निघतो, म्हणून हे मोकळ्या जागी करावे. स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी कदापि वापरू नये.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेले बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे निकष पाळणाऱ्या नव्या मोटारींत धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक बहुधा इंजिनाला चिकटूनच असतो आणि अनेक इंजिनांत मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. तेथे घासण्याचे काम उरत नाही, आणि उत्प्रेरक जोडलेला असताना माऱ्याची भुकटी आत शिरल्यास त्याची जाळी बुजते. जुन्या जीप, ट्रॅक्टर आणि पंधरा-वीस वर्षे सांभाळलेल्या गाड्यांना मात्र या कामाची गरज अजून आहे. त्या गाड्यांत मॅनिफोल्ड परत बसवताना नवे पॅकिंग घालावे, आट्यांना तांब्याची भुकटी असलेला ग्रीस लावावा, नट मधून कडेकडे थोडे थोडे आवळावेत, आणि पहिल्या तापानंतर इंजिन थंड झाले की पाना पुन्हा एकदा फिरवावा.