गाण्यामागची बाई कोण? ‘स्वाती तिरुनाळ’ पाहण्याआधी

मधेच खालच्या साडीच्या दुकानातली घासाघीस ऐकू आली तर सांभाळून घ्या. आमच्या पेठेत दुपारची शांतता विकत घ्यायची म्हटली तरी मिळत नाही.

आजचा विषय तुम्हीच सुचवलेला आहे. संगीतकारावरचा ऐतिहासिक सिनेमा पाहिला की तुम्ही हमखास विचारता, ‘ती बाई खरंच होती का? तिच्यामुळेच ती गाणी झाली का?’ आज एकच सिनेमा घेऊन याचं उत्तर शोधू या. सिनेमा मल्याळम आहे, १९८७ सालचा, नाव ‘स्वाती तिरुनाळ’, दिग्दर्शक लेनिन राजेंद्रन. राजाच्या भूमिकेत आपल्या बंगळुरूचा अनंत नाग. हो, ‘अंकुर’मधला तोच. त्याआधी १९७५ साली ‘हंसगीते’ या कन्नड सिनेमात तो चित्रदुर्गाचा गवई झाला होता. म्हणजे जुन्या काळातला, गाण्यात बुडालेला आणि आतून एकटा माणूस त्याने दोनदा उभा केला.

आधी माणूस कोण ते पाहू. स्वाती तिरुनाळ हा त्रावणकोरचा राजा. जन्म १८१३चा. आईच्या पोटात असतानाच तो राजा ठरलेला होता. आई लवकर गेली, मावशीने राज्य सांभाळलं, आणि १८२९ साली कारभार त्याच्या हाती आला. १८४६ साली तो गेला तेव्हा वय होतं अवघं ३३. एवढ्या आयुष्यात त्याच्या नावावर चारशेच्या आसपास रचना आहेत. संस्कृत, मल्याळम, तेलुगू यांच्याबरोबर हिंदुस्तानी भाषेतही. कर्नाटक संगीतातला हा राजा ध्रुपद, ख्याल, टप्पा हेही रचत होता.

आता तुम्ही म्हणाल, केरळच्या राजाचं चिकपेटेत काय काम? त्यासाठी थोडं मागे जाऊ. १६३८ साली विजापूरकरांनी बंगळूर जिंकलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. ही पेठ तेव्हा त्यांच्या कारभारात होती. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त शहाजींच्या दरबारातले अनेक भाषांचे कवी भेटतात. शहाजींचा मुलगा व्यंकोजी इथूनच दक्षिणेला गेला आणि १६७५च्या सुमारास तंजावरला मराठ्यांची गादी सुरू झाली. पुढे दीडशे वर्षांनी त्याच तंजावरहून माणसं तिरुवनंतपुरमला गेली. स्वाती तिरुनाळचा शिक्षक सुब्बाराव हा तंजावरचा मराठी माणूस, तो पुढे त्रावणकोरचा दिवाणही झाला. मेरुस्वामी हे तंजावरचे मराठी कीर्तनकार. राजा त्यांना गुरू मानायचा, आणि कीर्तनात गाण्यासाठी त्याने कुचेलाची आणि अजामिळाची आख्यानं रचली. म्हणजे आपल्या हरिकथेची एक वाट या पेठेवरून तंजावरला आणि तिथून पद्मनाभाच्या दारात गेली.

आता प्रेमाकडे येऊ. सिनेमात दोन स्त्रिया आहेत. नारायणी ही राजाची पत्नी, भूमिका अंबिकाची. आणि सुगंधवल्ली ही तंजावरची नर्तकी, भूमिका रंजिनीची. एकीकडे घर, दुसरीकडे कला, वर इंग्रज रेसिडेंट कलन याचा जाच. या सगळ्यात राजाला हवं ते मिळत नाही आणि ते न मिळणं गाण्यात उतरतं, अशी आपली समजूत होते. सिनेमा सुंदर आहे, यात वाद नाही. पण ही समजूत कुठे कुठे लंगडी पडते, ते पाहू.

पहिली गोष्ट घराण्याच्या रीतीची. आपण नारायणीला पटकन ‘राणी’ म्हणतो. त्रावणकोरात तसं नव्हतं. तिथे वंश आईकडून चालायचा. राणी म्हणजे राजाची आई, मावशी, बहीण. राजाची बायको ‘अम्मची’ म्हणवायची, तिला मानाचं वेगळं घर असायचं, पण गादीवर तिचा हक्क नाही आणि तिच्या मुलाचाही नाही. स्वाती तिरुनाळनंतर गादीवर बसला तो त्याचा भाऊ. हे माहीत नसेल तर दोघांमधलं सगळं अंतर आपण ‘प्रेम आटलं’ म्हणून वाचतो. त्यातलं बरंचसं अंतर रीतीनेच आखून दिलेलं होतं. सुगंधवल्लीबद्दल तर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. तिचं दरबारात नेमकं स्थान काय होतं, यावर वाद आहेत.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ही गाणी कोणाच्या तोंडची आहेत? स्वाती तिरुनाळची पदं ऐका. कुरिंजी रागातलं ‘अलिवेणी’ हे पद घ्या. त्यात बोलतो कोण? राजा नाही. एक स्त्री आपल्या सखीशी बोलते. चांदणं आहे, सगळी तयारी आहे, आणि तो आलेला नाही. तो म्हणजे कोण? पद्मनाभ. राजाच्या बहुतेक रचनांत तेच नाव येतं, किंवा त्याच अर्थाचं दुसरं: सरसिजनाभ, पंकजनाभ, जलजनाभ. आपल्या अभंगात शेवटी ‘तुका म्हणे’ येतं तशी ही मुद्रा. फरक एवढाच की तुकोबा स्वतःचं नाव घालतात आणि हा राजा आपल्या देवाचं.

अशी रचना का करायची? कारण ती नाचायची असते. तंजावरचे चार भाऊ, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, हे नृत्याचे मोठे गुरू. त्यांतला वडिवेलू त्रावणकोर दरबारात होता. पदवर्णम आणि पदम हे प्रकार नर्तकीसाठी असतात. शास्त्रात नायिकेचे आठ प्रकार सांगितलेत. वाट पाहून व्याकूळ झालेली विरहोत्कंठिता, प्रियकर दुसरीकडे रात्र काढून आल्यावर चिडलेली खंडिता, असे. रचनाकार त्यातली एक अवस्था निवडतो, राग निवडतो, शब्द बसवतो. मग नर्तकी एकाच ओळीवर दहा वेळा वेगवेगळा अभिनय करते. न मिळालेलं प्रेम हा इथे कच्चा माल आहे. ते रचनाकाराच्या आयुष्यातून आलंच पाहिजे असं नाही, परंपरेने ते त्याच्यापुढे आधीच ठेवलेलं असतं.

हे परकं वाटतंय का? अजिबात वाटू नये. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावावर विरहिण्या आहेत. एकनाथांच्या गवळणी आहेत. बोलणारी बाई आहे, रचणारा पुरुष आहे, आणि ज्याची वाट पाहायची तो विठ्ठल नाहीतर कान्हा आहे. ज्ञानेश्वरांची विरहिणी ऐकून ‘ती मुलगी कोण होती हो?’ असं आपण विचारत नाही. मग राजाचं पद ऐकल्यावर का विचारतो?

माझी आत्या इथल्या विठ्ठल मंदिरात एकादशीला विरहिणी म्हणायची. काका गेल्यानंतर तिने पहिल्यांदा म्हटली तेव्हा बायका डोळे पुसत म्हणाल्या, ‘बिचारी, नवऱ्याची आठवण काढतेय.’ आत्या घरी येऊन तणतणली. म्हणाली, ‘तीस वर्षं म्हणतेय मी ही. ते असतानाही अशीच म्हणायचे. तेव्हा कुणी नाही म्हणालं, काय छान लावलाय स्वर. आता सगळ्यांना माझं रडणं ऐकू येतंय, गाणं कुणालाच नाही.’ तिचा राग मला तेव्हा फारसा कळला नव्हता. सिनेमे पाहताना तो आठवतो.

तिसरी गोष्ट चालींची. राजा गेल्यानंतर त्याच्या कितीतरी रचनांचे शब्द उरले आणि मूळ चाली हरवल्या. विसाव्या शतकात मुत्तय्या भागवतर आणि सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांनी त्यांतल्या पुष्कळ रचना शोधून, स्वर बसवून पुन्हा मंचावर आणल्या. सिनेमा आला त्याच दशकात वीणावादक एस. बालचंदर यांनी ‘राजाच्या नावावरचं नेमकं राजाचं किती?’ असा वाद मोठ्याने उभा केला होता. तो पुष्कळांना पटला नाही. पण एवढं मात्र खरं की ज्या सुरावटीने आपला गळा दाटतो, ती कदाचित १८४०ची नसेलही. मग ती राजाच्या कुठल्या प्रेमभंगातून आली असं म्हणायचं?

ही खोड फक्त आपल्या सिनेमाची नाही. १९३३ साली विली फॉर्स्टने शूबर्टवर सिनेमा काढला. त्यात शूबर्टची अपुरी सिंफनी एका सरदारकन्येवरच्या अपयशी प्रेमामुळे अपुरी राहते. प्रत्यक्षात ती १८२२ची, आणि त्यानंतर शूबर्ट सहा वर्षं जगला, भराभर लिहीत राहिला. बेथोव्हेनच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदांत १८१२चं एक प्रेमपत्र सापडलं. कोणाला लिहिलं ते त्यात नाही. अभ्यासक अजून वाद घालतायत. १९९४च्या सिनेमाने मात्र निकाल लावून टाकला, की ती त्याची भावजय. प्रेक्षकाला उत्तर हवं असतं, सिनेमा ते देतो.

आपल्या पेठेत सांगली जिल्ह्यातून आलेले गलाईवाले आहेत, सोनं गाळून शुद्ध करणारे. त्यांच्याकडे दागिना मुशीत गेला की सोनं किती निघालं ते कळतं, पण दागिना उरत नाही. गाण्याचंही असंच होतं. ते आटवून ‘यात राजाचं दुःख इतके तोळे’ असं काढता येईल कदाचित. पण राग का निवडला, नायिका कोणत्या अवस्थेत आहे, सखीला काय सांगते आणि काय लपवते, हे सगळं तेवढ्यात वितळून जातं.

आणि मला जास्त लागतं ते पुढचं. यात नुकसान होतं ते बायकांचं. नारायणी वीणा वाजवायची असं सांगतात. सुगंधवल्ली तर नाचाचं शिक्षण घेतलेली कलावंत. पदाच्या ओळीत काय दडलंय ते लोकांसमोर उलगडून दाखवणारी तीच. आपण तिला ‘गाण्याचं कारण’ करून टाकतो, तेव्हा गाण्यातलं तिचं काम पुसलं जातं. ज्या बाईने अभिनयाने ते पद उभं केलं, तिला आपण फक्त कुणाच्या तरी मनात बसवतो. आत्याचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

मग सिनेमा पाहू नये का? जरूर पाहा. एम. जी. राधाकृष्णन यांचं संगीत आहे, येसुदास आणि बालमुरलीकृष्ण यांच्यासारखे आवाज आहेत. राजाचा एकटेपणा अनंत नागने ज्या संयमाने दाखवलाय तो विसरता येत नाही. आणि कलनसारख्या अधिकाऱ्यापुढे हतबल झालेला राजा हा तर सिनेमातला पक्का ऐतिहासिक भाग आहे. फक्त पाहताना एक करा. गाणं सुरू झालं की ‘हे कोणासाठी?’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि विचारा, ‘हे कोण बोलतंय? कोणाशी? आणि हे नाचून कोण दाखवतंय?’ मग तेच दृश्य वेगळं दिसायला लागेल.

सिनेमा पाहून झाला की ‘अलिवेणी’ एकदा नुसतं ऐका, पडदा बंद करून. आणि तुमच्या घरात कोणी विरहिणी किंवा गवळण म्हणत असेल, आई, मावशी, आजी, तर ती कोणाकडून शिकली ते विचारून मला कळवा. पुढचा भाग मला त्यावरच करायचा आहे. येतो मंडळी.