धरावे कोणते, सोडावे कोणते?
दिव्यांगांच्या अर्थसाहाय्याविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाईंदर पूर्वेच्या ज्या वस्तीला इंद्रलोक हे नाव पडले आहे, तिथे पुराणातल्या इंद्रलोकाप्रमाणे मागेल ते देणारा कल्पवृक्ष नाही. तिथल्या दिव्यांग रहिवाशालाही, महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यातल्या दिव्यांगाप्रमाणेच, अर्ज, दाखला, चौकशी आणि मंजुरी या चार पायऱ्या चढूनच शासनाच्या साहाय्यापर्यंत पोहोचावे लागते. अलीकडे या साहाय्याचे प्रकार वाढले, रकमा बदलल्या, आणि ज्याच्या पदरी एक योजना आहे त्याच्या मनात दुसरीविषयी अभिलाषा व पहिली हातची जाईल अशी धास्ती, या दोन्ही वृत्ती एकाच वेळी उत्पन्न होऊ लागल्या. इमारतीच्या जिन्यात, लोकलच्या दिव्यांग डब्यात आणि सेतू केंद्राच्या रांगेत या शंकांची जी उत्तरे मिळतात, त्यांत सत्यांश आणि ऐकीव वार्ता यांची इतकी सरमिसळ झालेली असते, की त्यांच्या भरवशावर निर्णय घेणाऱ्याचे नुकसान झाले तर त्यात नवल नाही. म्हणून प्रचलित समजुती एकेक करून तपासणे इष्ट होय.

गैरसमज : केंद्राची योजना मोठी, तेव्हा राज्याची सोडून तीच घ्यावी.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात दिव्यांगांना दरमहा रक्कम देणारी मूळ योजना म्हणजे १९८० पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. किमान ४० टक्के दिव्यांगत्व, ६५ वर्षांखालील वय, राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य आणि दिव्यांगांच्या बाबतीत ५०,००० रुपयांपर्यंतचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न, या तिच्या मुख्य अटी. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना २००९ साली आली; तिच्यासाठी दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून अधिक, अथवा बहुविध, असावे लागते आणि कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे लागते. एवढ्या कठोर अटींमुळे ती भरघोस असावी असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. परंतु तीत केंद्राचा वाटा दरमहा अवघा ३०० रुपयांचा आहे आणि उरलेली तूट राज्य शासन संजय गांधी योजनेच्या तरतुदीतून भरून काढते. राज्याची रक्कम १५०० होती तेव्हा केंद्राचे ३०० व राज्याचे १२०० असा हिशेब होता. तात्पर्य, खर्च कोणत्या शीर्षाखाली पडतो एवढेच बदलते, लाभार्थ्याच्या पासबुकातील बेरीज बदलत नाही. कचेरीने एखाद्याचे नाव केंद्राच्या यादीत वर्ग केले तर त्याने घाबरू नये, आणि ४५ टक्क्यांच्या दाखलेधारकाने त्या यादीत शिरण्यासाठी खेटे घालू नयेत.

गैरसमज : निराधार तो निराधार; नोंद विधवा म्हणून झाली काय किंवा दिव्यांग म्हणून झाली काय, रक्कम तीच.

वस्तुस्थिती : हा समज काल-परवापर्यंत खरा होता, आणि म्हणूनच तो आज सर्वांत महाग पडणारा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २४ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांना मिळणाऱ्या तशाच साहाय्यापेक्षा निदान २५ टक्क्यांनी अधिक असावे. तरीही जुलै २०२३ मध्ये रक्कम १००० वरून १५०० झाली ती सरसकट, सर्वांना सारखीच. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने संजय गांधी व वृद्धांसाठीची श्रावणबाळ या दोन्ही योजनांतील दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम दरमहा २५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला आणि ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू केला. आता समजा, इंद्रलोकातील एखाद्या बाईंचे यजमान दहा वर्षांपूर्वी मयत झाले, तेव्हा त्यांचा अर्ज विधवा म्हणून मंजूर झाला, आणि बालपणीच्या पोलिओने पायात आलेले अधूपण त्या वेळी कोणी कागदावर आणलेच नाही. तर या बाईंना योजना बदलण्याचे मुळीच कारण नाही, बदलायचा आहे तो त्याच योजनेतील आपला प्रवर्ग. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र तहसील कचेरीच्या संजय गांधी योजना शाखेत रुजू करून नोंद दुरुस्त करून घेणे, हा त्यांचा मार्ग. महिन्याला हजार रुपयांचा फरक या एका नोंदीवर अवलंबून आहे.

गैरसमज : लाडकी बहीण योजनेत चौकशी कमी, दिव्यांग स्त्रीने निराधार योजना सोडून तिकडे जावे, किंवा जमल्यास दोन्ही घ्याव्यात.

वस्तुस्थिती : २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने सुरू झालेली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देते, परंतु शासनाच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून दरमहा १५०० किंवा अधिक घेणारी स्त्री तीत अपात्र ठरते, हे तिच्या मूळ अटींतच लिहिलेले आहे. या अटीकडे दुर्लक्ष झाल्याचा परिणाम असा झाला की, फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी जाहीर केलेल्या पाच लाख अपात्र स्त्रियांपैकी २,३०,००० या संजय गांधी योजनेच्याच लाभार्थी निघाल्या. तोवर जमा झालेली रक्कम परत घेतली जाणार नाही असे त्या वेळी सांगण्यात आले, ही गोष्ट निराळी. पुढेही तसेच होईल असे गृहीत धरून दोन्हीकडे हात पसरणे शहाणपणाचे नव्हे.

राहिला प्रश्न एक सोडून दुसरी घेण्याचा. रक्कम समान होती तेव्हा हा विचार निदान चर्चेस योग्य होता. आज २५०० सोडून १५०० धरणे म्हणजे उघड तोटा. मात्र याला एक वास्तविक अपवाद आहे. मुलगा कमावता झाला, घरचे उत्पन्न ५०,००० च्या वर गेले, पण अडीच लाखांच्या आत राहिले, तर निराधार योजनेचा पाया ढासळतो आणि लाडकी बहीण योजनेचा टिकतो. तेव्हा हे स्थलांतर केवळ क्षम्य नव्हे तर प्रामाणिक ठरते. तथापि त्या योजनेच्या नोंदणीची वाढवून दिलेली मुदत १५ ऑक्टोबर २०२४ रोजी संपली होती, हे ध्यानात ठेवून, नवे अर्ज स्वीकारले जात आहेत किंवा नाहीत याची खातरजमा केल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये. सोडलेल्या घराला कुलूप आणि नव्या घराची किल्ली नाही, अशी अवस्था ओढवून घेण्यात अर्थ नाही.

गैरसमज : वयाची ६५ वर्षे पूर्ण झाली की दिव्यांगाचे साहाय्य बंद.

वस्तुस्थिती : संजय गांधी योजनेची वयोमर्यादा तिथे संपते, साहाय्याचा हक्क संपत नाही. ६५ पासून पुढे निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे, आणि २५०० रुपयांचा निर्णय तिच्यातील दिव्यांगांनाही लागू आहे. हे स्थलांतर आवडीनिवडीचे नसून वयाने भाग पाडलेले आहे. यात जपायचे ते इतकेच की, वृद्ध म्हणून नवी नोंद होताना दिव्यांग ही जुनी नोंद मागे राहू नये. तसे झाले तर माणूस तोच, व्यंग तेच, आणि वय वाढल्याबद्दल दंड मात्र हजार रुपयांचा.

गैरसमज : योजना बदलली की ओळखपत्र आणि सवलतीही जातात.

वस्तुस्थिती : वैश्विक ओळखपत्र हे दिव्यांगत्वाचा पुरावा आहे, निवृत्तीवेतनाचा आदेश नव्हे; ते हाती आल्याने पैसे आपोआप सुरू होत नाहीत, आणि पैसे थांबल्याने ते रद्द होत नाही. एसटीच्या भाड्यातील सवलत, लोकलमधील राखीव डबा, आयकरातील वजावट, या गोष्टी दिव्यांगत्वावर उभ्या आहेत. कोणती योजना चालू आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. मीरा-भाईंदरमध्ये परप्रांतांतून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे पुष्कळ असल्यामुळे आणखी एक खुलासा करणे अगत्याचे आहे : २०१६ च्या अधिनियमाप्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे, गुजरात किंवा राजस्थानात काढलेले प्रमाणपत्र भाईंदरला आल्यामुळे निरुपयोगी होत नाही. १५ वर्षांच्या वास्तव्याची अट ही राज्याच्या योजनेची आहे, प्रमाणपत्राची नव्हे.

गैरसमज : आधी जुनी योजना बंद करावी, मगच नवीसाठी अर्ज करावा.

वस्तुस्थिती : एकाच वेळी दोन्हींची रक्कम घेऊ नये, हा नियम; परंतु त्याचा अर्थ मधल्या काळात उपाशी राहावे असा नाही. संजय गांधी, श्रावणबाळ आणि इंदिरा गांधी यांच्या नावे चालणाऱ्या योजना तहसील कचेरीच्या एकाच शाखेतून चालतात. तेव्हा जुना लाभ कोणता चालू आहे हे अर्जात स्पष्ट नमूद करून प्रकरण वर्ग करण्याची लेखी विनंती करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. अन्य खात्याच्या योजनेकडे जायचे असल्यासही जुन्या लाभाचा उल्लेख लपवू नये. रक्कम आता आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होत असल्याने, आधारवरील व प्रमाणपत्रावरील नाव, जन्मतारीख आणि पत्ता जुळतात की नाही हे प्रथम पाहावे, आणि हयातीचा दाखला वर्षाच्या वर्षी देण्याचा शिरस्ता मोडू नये.

या सर्वांतून निष्पन्न होणारा निर्णय असा की, दोन योजनांची तुलना करताना रकमेच्या आकड्याआधी त्या कशावर उभ्या आहेत ते पाहावे. उत्पन्न दरसाल बदलते, वय एकाच दिशेने सरकते, पण कायम स्वरूपाचे दिव्यांगत्व बदलत नाही. म्हणून ज्या साहाय्याच्या मुळाशी दिव्यांगत्वाची नोंद आहे ते, अटी पुऱ्या होत असतील तोवर, सहसा सोडू नये, आणि जिथे ती नोंद राहून गेली आहे तिथे ती आधी करून घ्यावी. बदल करणे भागच पडले, तर नव्या योजनेचा मंजुरीचा आदेश स्वतःच्या हातात पडेपर्यंत जुनी बंद करण्याच्या कागदावर, कोणीही कितीही आग्रह केला तरी, सही किंवा अंगठा करू नये.