एक टन कोळसा, दीड टन वायू (लेखांक अकरावा)

कोळशावरील उपकराचा हिशेब या लेखांकात यावयाचा होता. तथापि गेल्या आठवड्यातील एका विधानावर एका वाचकाने घेतलेला आक्षेप मुळालाच हात घालणारा असल्यामुळे उपकराने आणखी एक आठवडा थांबणे योग्य. एक टन कोळसा जाळला असता सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, असे येथे लिहिले गेले होते. एका टनातून दीड टन निघतोच कसा, आणि वर राखेचा ढीग उरतो तो कोणत्या वजनातून, असा वाचकाचा प्रश्न आहे.

हे अधिकचे वजन हवेचे असते. जळताना वजनाने १२ भाग कार्बनचा ३२ भाग ऑक्सिजनशी संयोग होऊन ४४ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एक किलो कार्बनमागे ३.६७ किलो वायू. भारतीय वीज केंद्रांना मिळणाऱ्या कोळशात कार्बन ढोबळमानाने ४० टक्के, राख ३० ते ४० टक्के किंवा त्याहूनही अधिक आणि उरलेला भाग ओलावा व अन्य द्रव्यांचा असतो. त्या ४० टक्क्यांना ३.६७ ने गुणले की दीड टनाचा आकडा हाती येतो.

चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्रात हा हिशेब डोळ्यांनी पाहता येतो, निदान त्याचा अर्धा भाग तरी. वाघिणींतून उतरलेला कोळसा मिलमध्ये चेहऱ्याला लावायच्या पावडरीइतका बारीक दळला जातो, गरम हवेच्या झोताबरोबर बॉयलरच्या भट्टीत फुंकला जातो आणि काही क्षणांतच जळून जातो; राखेचा थोडा भाग तळाशी पडतो, बहुतांश भाग धुरावाटे निघताना विद्युतभारित पत्र्यांवर अडवला जातो आणि पाण्यात कालवून राखेच्या बंधाऱ्याकडे पाठवला जातो. सुमारे चार हजार टनांची एक मालगाडी रिकामी झाली की जवळपास चौदाशे टन राख उरते आणि सहा हजार टन वायू धुराड्यातून निघून जातो. राखेची तक्रार गावे करू शकतात, कारण ती पिकावर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. वायूची तक्रार करायला कोणी येत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी जे निकष जाहीर केले, त्यांत धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, पारा आणि पाण्याचा वापर या सर्वांना मर्यादा घातल्या गेल्या. कार्बन डायऑक्साइडचा उल्लेख त्यांत नाही.

तो असावा काय, हा या लेखमालेचा मूळ प्रश्न, आणि त्याचे उत्तर ‘असावा’ असे देऊनही पुढचा, अधिक अवघड प्रश्न शिल्लक राहतो: मर्यादा कशावर? सर्वांत सोपे उत्तर म्हणजे युनिटमागे. भारतातील कोळशाच्या विजेत एका युनिटमागे सरासरी एक किलोच्या थोडा आत कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चंद्रपूरचे संच २१० आणि ५०० मेगावॉटचे, जुन्या पद्धतीचे आहेत. कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच सुपरक्रिटिकल, म्हणजे पाण्याचा दाब २२१ बारच्या पलीकडे नेऊन त्याची न उकळता वाफ करणारे असल्यामुळे तेवढ्याच विजेसाठी कमी कोळसा घेतात. युनिटमागे मर्यादा घातली तर जुने संच आपोआप मागे पडतील, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो.

तो फसतो तो दुपारी. ऊन चढले की सौर वीज जाळ्यात येते आणि तिला वाट देण्यासाठी कोळशाच्या संचांना आपले उत्पादन ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणावे लागते. २०२३ च्या नियमांनुसार ही पातळी पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर न्यावयाची आहे. संच कमी भारावर चालला की त्याची कार्यक्षमता घटते आणि युनिटमागचा वायू वाढतो. म्हणजे सूर्याला वाट देणारा संच युनिटमागच्या हिशेबात दोषी ठरतो, तर अडून पूर्ण भारावर चालणारा निर्दोष सुटतो. मर्यादेचा हेतू आणि तिचे माप यांची अशी फारकत झाली, तर त्या मर्यादेचा लाभ हवेपेक्षा वकिलांनाच अधिक होण्याचा संभव आहे.

ब्रिटनने २०१३ च्या ऊर्जा कायद्यात योजलेली तोड येथे उपयोगी पडते आणि तिच्याकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. नव्या केंद्रांसाठीची ती मर्यादा ‘युनिटमागे ४५० ग्रॅम’ या नावाने ओळखली जाते. परंतु कायद्यातील सूत्र वर्षाचे आहे. वर्षातील ८५ टक्के तास, म्हणजे ७,४४६ तास केंद्र चालले असे मानून त्यांना ४५० ग्रॅमने गुणावयाचे आणि प्रत्येक मेगावॉट क्षमतेमागे वर्षाला सुमारे ३,३५० टन एवढा वाटा द्यावयाचा. तो केव्हा खर्च करावयाचा हे केंद्राने ठरवावे. युनिटमागे ९५० ग्रॅम सोडणारा ५०० मेगावॉटचा संच या वाट्यात वर्षाचे सुमारे ४० टक्के तास पूर्ण भारावर चालू शकेल, आणि सायंकाळी सौर वीज ओसरून घरोघरी दिवे लागतात तेव्हा त्याची खरी गरज असते. आकडा भारतासाठी पुष्कळ सैल ठेवावा लागेल, कारण ब्रिटनला नैसर्गिक वायूचा आधार होता, तसा येथे नाही. सूत्र मात्र आहे तसे उचलावे आणि आरंभ जुन्या संचांपासून करावा.

अडचण मोजणीची आहे. टन मोजावयाचे तर धुराड्यातील वायू मोजण्यापेक्षा आत जाणारा कोळसा तोलून, त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून कार्बन काढणे सोपे. परंतु खाणीवर लागलेली कोळशाची प्रत आणि केंद्रावर उतरल्यानंतर निघालेली प्रत यांत तफावत पडते, हे भांडण या व्यवसायात जुने आहे. उपकर मात्र प्रतीकडे न पाहता टनावर लागत होता, २०१० मध्ये ५० रुपये आणि २०१६ पासून ४०० रुपये, म्हणजे कोळशाइतकाच तो राखेवरही लागत होता. तो हिशेब पुढील आठवड्यात.