खिळे जुळवणारे विद्यार्थी

वृत्तपत्राचे विश्लेषण शिकवताना मथळ्यात कोणता शब्द निवडला, छायाचित्र कुठे कापले आणि कोणती बातमी पहिल्या पानावर घडीच्या वर आली, हे विद्यार्थ्यांना पाहायला लावले जाते. परंतु ही नजर केवळ कात्रणे चिकटवून पुरती तयार होत नाही, त्यासाठी स्वतः छापावे लागते. फ्रान्समधील बार-सुर-लू येथील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ मध्ये वर्गातच छोटा छापखाना आणला, तेव्हा मुले स्वानुभवाचा मजकूर लिहून, त्यातला छापण्याजोगा एकत्र निवडून आणि चर्चेने सुधारून, आरशातल्याप्रमाणे उलटी दिसणारी सुटी अक्षरे, म्हणजे खिळे, एकेक करून जुळवू लागली. ओळीत न मावणारा शब्द गाळताना संपादन म्हणजे काय, हे त्यांना हातानेच कळले, आणि ब्रिटनीतील शाळेशी छापील पानांची देवाणघेवाण सुरू झाल्यावर तर त्यांच्या लेखनाला दूरचा, खराखुरा वाचकही लाभला.