नर्सिंग होमची पारख कशी करावी?

‘डॉक्टर, ॲडमिट करायचं म्हणता, पण कुठं करू?’ हा प्रश्न माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. मंगळवेढ्यातच, की पंढरपूरला, की थेट सोलापूरला, यावर घरातले सगळे बोलतात. निर्णय मात्र बहुधा कोणा पाहुण्याच्या सांगण्यावरून, नाहीतर इमारत पाहून होतो. आपण ज्वारी घेतानाही दाणा तळहातावर घेऊन पाहतो. मग घरचे माणूस जिथे सोपवायचे, ती जागा नुसत्या पाटीवरून का निवडावी?

परदेशात ‘नर्सिंग होम’ म्हणजे वृद्धांना सांभाळण्याचे ठिकाण. आपल्याकडे मात्र खाटा असलेल्या खासगी दवाखान्याला हे नाव आहे आणि त्यासाठी १९४९ पासून कायदाही आहे. अशा ठिकाणाचा दर्जा कसा ओळखावा, याची एक सोपी रीत अवेदिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी १९६६ साली मांडली. तीन गोष्टी पाहा, असे ते सांगत: जागा व साधने कशी आहेत, काम कसे होते आणि निकाल काय लागतो. आपण बहुतेक वेळा पहिल्याच गोष्टीपाशी थांबतो, आणि त्यातही फरशी व एसी पाहतो.

जागेत काय पाहावे?

नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर, सर्वांना दिसेल असे लावलेले असले पाहिजे. राज्य सरकारने २०२१ साली नियमांत सुधारणा केली. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि उपचारांचे दरपत्रकही लावावे लागते. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

आगीपासून बचावाची सोयही पाहावी. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली. त्यामुळे बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोठे आहे आणि त्यावर जुन्या खाटा रचून ठेवल्या आहेत का, हे पाहायला डॉक्टरकीचे शिक्षण लागत नाही.

काम कसे चालते?

माझ्या मते खरी पारख इथे होते. मागे एका खेड्यातील आजोबांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हाड नीट बसले. बारा दिवसांनी त्यांना घरी आणले आणि मला बोलावले, तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. दिवसरात्र एकाच कुशीवर किंवा उताणे पडून राहिल्याने त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरते. यालाच शय्याव्रण म्हणतात. दर दोन-तीन तासांनी कूस बदलणे, चादर कोरडी ठेवणे आणि पाठ रोज पाहणे, एवढ्याने तो बहुधा टळतो. हाड सांधायला लागला त्याहून जास्त काळ ती जखम भरायला लागला. सर्जन चांगला होता, शुश्रूषा नव्हती.

म्हणून सिस्टरांविषयी विचारा. प्रशिक्षित किती आहेत? रात्री किती असतात? रात्री डॉक्टर त्याच इमारतीत असतात, की फोन केल्यावर येतात? दिवसा सगळीच नर्सिंग होम्स चांगली दिसतात. कसोटी पहाटे तीन वाजता लागते.

पलंगाशी असलेला तक्ता पाहा. त्यावर नाडी, बीपी, ताप, लघवीचे प्रमाण आणि दिलेली औषधे वेळेसह लिहिलेली असावीत. दिवसभराच्या सगळ्या नोंदी संध्याकाळी एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या, तर काय ते समजावे.

हात पाहा. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतले किंवा जंतुनाशक चोळले जाते का? व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हापासून याहून स्वस्त औषध निघालेले नाही. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि सलाईनची नळी लाल पिशवीत जाते का, हेही पाहा. सगळे एकाच बादलीत पडत असेल, तर बाकीची शिस्तही तशीच समजावी.

निकाल कसा जोखावा?

हे अवघड आहे. एखादा रुग्ण दगावला म्हणजे दवाखाना वाईट, असे नसते. अत्यवस्थ रुग्ण पुष्कळदा चांगल्या ठिकाणीच जास्त जातात. त्यापेक्षा डॉक्टरांनाच विचारा: ही शस्त्रक्रिया आपण महिन्यातून किती वेळा करता? रक्त लागले तर कोठून येते? प्रकृती बिघडली तर कोठे पाठवता? जो डॉक्टर ‘हे आमच्याकडे होणार नाही, वेळ न घालवता सोलापूरला न्या’ असे सांगतो, त्याला कमी लेखू नका. स्वतःची मर्यादा ओळखून वेळेवर पुढे पाठवणे हाही दर्जाच आहे.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड वाचता येईल असे मागा. निदान, दिलेले उपचार, पुढची औषधे आणि कोणत्या लक्षणांवर परत यायचे, हे त्यात हवे. केसपेपरच्या प्रती लेखी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असा २००२ सालचा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. बिलाची पक्की पावती घ्या.

आणि चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरलाही, म्हणजे मलाही, जरूर विचारा: ‘याच ठिकाणी का?’ आमच्या व्यवसायात ‘कट’ नावाची कीड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. तो कारण सांगतो आणि दुसरे एखादे नावही सुचवतो.

आता कोणी म्हणेल, रात्री छातीत दुखू लागल्यावर हे सगळे पाहायचे कधी? अगदी बरोबर. त्या वेळी जवळ जिथे डॉक्टर असेल तिथे आधी जावे, पारख करत बसू नये. पारख आधीच झालेली हवी, आणि तशी संधी आपल्याला वारंवार मिळते. कोणी ॲडमिट झाले की आपण शहाळे, बिस्किटे घेऊन भेटायला जातो, पेशंटभोवती बसून गप्पा मारतो आणि त्याला दमवतो. यापुढे पाचच मिनिटे बसा. उरलेल्या वेळात भिंतीवरचे प्रमाणपत्र, पलंगाशेजारचा तक्ता आणि सिस्टरांचे हात पाहून या. सोबत राहिलेल्या नातेवाइकांना रात्रीचे विचारा. घरी आल्यावर ते चार माणसांना सांगा. गावाने असे पाहायला सुरुवात केली, की नर्सिंग होम्सनाही फरशीपेक्षा शुश्रूषेकडे जास्त लक्ष द्यावे लागेल.