शोषण-प्रशीतकाची शीतनक्षमता : मराठवाड्यातील उन्हाळ्याच्या संदर्भात

प्रस्तावना : हिंगोली-वाशीम मार्गावरील कनेरगाव नाका परिसरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. बहुतेक लसी मात्र २ ते ८ अंशांतच सुरक्षित राहतात. वीज खंडित असताना गॅसवर चालणारा शोषण-प्रशीतक हा एक पर्याय ठरतो.

कार्यतत्त्व : स्वीडनमधील फॉन प्लाटेन व मुंटर्स यांनी १९२२ मध्ये ही रचना सिद्ध केली. तीत कॉम्प्रेसर नसतो. ज्योतीच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया वायुरूपात वेगळा होतो, संघनकात द्रवरूप होतो आणि हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याचे बाष्पीभवन होऊन आतील उष्णता शोषली जाते. पुढे पाणी त्यास पुन्हा सामावून घेते.

मर्यादा व उपाय : बाहेरील हवा तापल्यास संघनन व शोषण या दोन्ही क्रिया मंदावतात. ज्योत अवाजवी वाढविल्यास पाण्याची वाफही संघनकाकडे जाते व शीतन घटते. म्हणून,
१) मागील बाजूस खालून हवा येण्यास व वरून बाहेर पडण्यास मार्ग ठेवावा.
२) तेथे बॅटरीवर चालणारा लहान पंखा बसवावा.
३) द्रव गुरुत्वाकर्षणाने वाहत असल्याने यंत्र समतल ठेवावे.
४) बर्नर व धुराडे स्वच्छ ठेवावे.

निष्कर्ष : मागील बाजूची उष्णता जितक्या सहजतेने बाहेर पडेल, तितकी शीतनक्षमता वाढते. तरीही लससाठ्याच्या तापमानाची नोंद दररोज दोन वेळा घेणे अनिवार्य आहे.